पंधरा बाय बारा : चाळीतल्या एका खोलीचा देखावा उभारतानाच्या नोंदी

१५ जून २०२५

यंदाचा गणपतीचा देखावा ठरला. केदारनाथ आणि अवकाशयान दोन्ही मतदानात पडले. दोन महायुद्धांच्या मधल्या काळातली मुंबईच्या गिरणगावातली चाळीची एक खोली करायची, खऱ्या मापाची, आतल्या संसारासकट. मंडळ कल्याणच्या पुढचं असलं तरी निम्म्या सभासदांचे आजोबा-पणजोबा लालबाग, परळ, नायगावातून इकडे सरकलेले. त्यामुळे प्रत्येकाकडे चाळीची एक गोष्ट आहे आणि प्रत्येक गोष्टीत चाळ म्हणजे गोकुळ.

बजेट ६०,००० रुपये. त्यात मागच्या वर्षीच्या रिपा आणि प्लाय वापरायचं गृहीत धरलंय. गोडाऊन उघडल्यावर बघू.

दरवर्षी आजूबाजूच्या मंडळांची मुलं येऊन विचारतात, अमुक कसं केलं, किती लागले. म्हणून या वेळी लिहून ठेवतोय.

२२ जून

कोणती खोली करायची यावर अख्खी बैठक गेली. "आमच्या खोलीत बारा जण राहायचे." "आमच्याकडे अठरा." लिलावासारखी बोली चढत गेली. अशा आठवणींवरून माप निघत नाही, म्हणून नोंद असलेली खोलीच घ्यायची असं ठरवून टाकलं.

अशी एक नोंद आहे. १९२२च्या सुमारास मुंबई सरकारने कारखान्यांतल्या बायकांची स्थिती पाहण्यासाठी डॉ. बार्न्स नावाच्या डॉक्टरबाईंना नेमलं होतं. त्यांनी एका चाळीच्या दुसऱ्या मजल्यावरची खोली पाहिली. १५ फूट लांब, १२ फूट रुंद. आत सहा बिऱ्हाडं. पुरावा म्हणजे जमिनीवरच्या सहा वेगवेगळ्या चुली. विचारल्यावर मोठी-लहान मिळून तीस माणसं निघाली. त्यांतल्या तीन बायका बाळंतपणाला टेकलेल्या. बरोबरच्या नर्सला बाईंनी विचारलं, इथे आडोसा कसा करणार? तेव्हा त्यांना तीन फूट बाय चार फुटांची जागा दाखवण्यात आली. तेवढीच पडदा लावून वेगळी करायची.

माप मिळालं, चुली मिळाल्या, माणसं मिळाली. हीच खोली करायची. अध्यक्षांनी विचारलं, "गणपतीच्या मंडपात बाळंतपणाचा कोपरा?" तो प्रश्न पुढे ढकलला.

२९ जून

सोसायटीच्या हॉलमध्ये खडूने १५ बाय १२ आखून घेतलं. रिकामा चौकोन बघून सगळे म्हणाले, बरीच मोठी आहे की. हल्लीच्या टू बीएचकेतली बेडरूम याहून लहान असते. खरंच असते.

मग माणसं झोपवून बघितली. दाटीवाटीने निजलेल्या माणसाला दीड फूट रुंदी धरली. पंधरा फुटांत एका ओळीत दहा डोकी, दोन ओळी, म्हणजे वीस. आणि त्या वीसात खोली संपली. भिंतीपासून भिंतीपर्यंत नुसती माणसं. अजून एकही वस्तू मांडलेली नव्हती.

मग वस्तू मांडल्या. सहा चुली बारा फुटी भिंतीला लावल्या, प्रत्येकीला दोन फूट. समोरच्या भिंतीला सहा ट्रंका, एकीवर एक. पाण्याची पिंपं, हंडे, सरपण. झोपायची जागा सोळा जणांपुरती उरली. उरलेले चौदा कुठे?

इथे कामाची दिशाच बदलली. आमच्या आराखड्यात फक्त खोली होती. खडूने सांगितलं की खोलीपुरता देखावा खोटा ठरेल. उरलेली माणसं गॅलरीत, जिन्यात, फुटपाथवर निजायची. ती या खोलीचीच माणसं होती. म्हणून साडेतीन फुटी गॅलरी आणि जिन्याच्या चार पायऱ्या वाढवल्या. सुताराने लगेच मजुरी वाढवून मागितली. त्याचं चुकलं नाही.

असलं काही करणाऱ्यांना एकच सांगेन, कागदावर आराखडा काढण्याआधी जमिनीवर माणसं झोपवा. आम्ही आधी आराखडा काढला, त्यावरून प्लायची यादी केली, मग ती सगळी यादी बाद झाली.

६ जुलै

सामान जमवायला सुरुवात. 'जुनं' म्हणताच लोकांनी माळ्यावरचं सगळं आणून टाकलं. निम्मं परत पाठवावं लागलं आणि त्यावरून रुसवेफुगवे झाले.

स्टीलचे डबे बाद. तेव्हा पितळ, तांबं, ॲल्युमिनियम, माती. नायलॉनची दोरी बाद, काथ्या किंवा सुतळी. व्हॉल्व्हचा रेडिओ एका काकांनी मोठ्या प्रेमाने आणला होता. मुंबईत नियमित प्रसारण १९२७ला सुरू झालं आणि आपली खोली त्याच्या आधीची. शिवाय सहा बिऱ्हाडांच्या खोलीत रेडिओ कुठून येणार? काका दोन आठवडे बोलले नाहीत.

चोर बाजारातून पत्र्याच्या तीन ट्रंका आणल्या, ९०० रुपयांना एक. उरलेल्या तीन सभासदांच्या घरून. गोधड्या पुष्कळ जमल्या, पण नव्या साड्यांच्या भडक रंगाच्या. चहाच्या पाण्यात उकळून मळवल्या.

पाळ्यांची कल्पना सोडावी लागली. अर्धे दिवसा झोपणारे, अर्धे रात्री झोपणारे, असं दाखवायचं डोक्यात होतं. दिसायलाही छान. पण गिरण्यांत रात्रपाळी सर्रास सुरू झाली ती १९३०च्या आसपास, आणि बायकांना कायद्यानेच रात्रपाळी बंद. १९२२च्या खोलीत एकाच अंथरुणावर पाळीपाळीने झोपणं दाखवलं तर काळाचा घोळ झाला असता. त्यामुळे देखाव्याची वेळ ठरली रात्री साडेनऊ. सगळे एकदम घरात.

१३ जुलै

भिंती. पहिला प्रयोग फ्लेक्सचा. जुन्या भिंतीचा फोटो मोठा करून छापून घेतला, ४,२०० रुपये. लावल्यावर लग्नाच्या स्टेजसारखी दिसायला लागली. दिव्याची तिरीप पडली की चकाकायचीही. काढून टाकला. आता तो गोडाऊनच्या गळक्या पत्र्यावर आहे आणि तिथे उत्तम काम करतोय.

दुसरा प्रयोग टिकला. रिपांच्या चौकटीवर जुनी गोणपाटं ताणून खिळली. पिवळी माती, शेण आणि थोडा भुसा यांचा पातळ काला करून एक हात दिला. वाळल्यावर चुना. चुना रात्रभर भिजवून, फडक्यातून गाळून, चिमूटभर नीळ घालून. पहिल्या हाताचा चुना बोटाला लागायला लागला. येणाऱ्यांचे कपडे खराब झाले असते. दुसऱ्या हातात डिंकाचं पाणी घातलं, मग बसला.

यात सगळ्यात जास्त वेळ गेला तो वाळण्यात. जुलैची हवा. दोन पंखे आणि एक हॅलोजन लावूनही मातीचा हात चार दिवस ओला होता. ज्यांना हे करायचंय त्यांनी भिंती मे महिन्यात करून ठेवाव्यात.

२० जुलै

चुली. कुंभाराकडे तयार चुली मिळत होत्या, पण हौस म्हणून पोरांनी स्वतः केल्या. सहाच्या सहा तडकल्या. नुसती माती वापरली होती. एका आजींनी येऊन पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "तूस घाला रे, आणि एका दमात उंच नेऊ नका." भाताचं तूस, शेण, माती, आणि रोज चार बोटं उंची. त्या चुली टिकल्या. आजींनीच सांगितल्यावरून त्यांतल्या दोन रॉकेलच्या डब्यात माती लिंपून केल्या, उचलून गॅलरीत नेता येतील अशा.

धुराचं काय? धुराचं मशीन भाड्याने आणून बघितलं. डोळे चुरचुरले आणि अर्ध्या तासात मंडप लग्नाचा वाटायला लागला. सोडून दिलं. त्याऐवजी छताच्या कापडाला काजळी. काजळी पाण्यात मिसळत नाही, वर तरंगते. थोड्या स्पिरिटमध्ये कालवून मग पाणी घातलं की मिसळते. चुलींच्या वर दाट, लांब जाईल तशी फिकट. सहा चुलींचे सहा काळे डाग छतावर एकमेकांत मिसळलेले. हे काम दोन मुलींनी केलं आणि सगळ्या देखाव्यात मला तेच सर्वांत पसंत आहे.

२७ जुलै

तीस माणसं कशी दाखवायची?

कपड्यांच्या दुकानातले पुतळे भाड्याने आणले, ३,००० रुपये. नऊवारी नेसवली, धोतरं नेसवली. तरी ते सेलला उभे असल्यासारखे दिसतात. आणि सगळे गोरेपान, सहा फुटी. परत.

कागदाच्या लगद्याच्या आकृत्या करायला घेतल्या. तीन झाल्यावर पहिलीला बुरशी आली.

शेवटी साधा उपाय सापडला. जमिनीवर चुन्याने निजलेल्या माणसांचे आकार काढायचे, खऱ्या माणसांना झोपवून. खोलीत सोळा, गॅलरीत नऊ, पायऱ्यांवर दोन, आणि तीन बाहेर मंडपाच्या वाटेवर, म्हणजे फुटपाथवर. येणाऱ्याला आत जायचं तर या तिघांवरून पाय टाकूनच जावं लागेल. खर्च जवळजवळ शून्य. लहान मुलांचे आकार काढताना आई-बापांनी आपापली पोरं आणून झोपवली, तो दिवस मजेत गेला.

३ ऑगस्ट

पाट्यांचा मजकूर. भाषण नको, चार पाट्या पुरे.

पहिली : १९२१च्या जनगणनेत मुंबई शहराची वस्ती ११,७५,९१४. शहरातली सुमारे ७० टक्के बिऱ्हाडं एका खोलीची. सरकारच्या कामगार कचेरीने १९२१-२२मध्ये कामगार कुटुंबांचे जमाखर्च तपासले, त्यांत ९७ टक्के कुटुंबं एका खोलीत राहणारी.

दुसरीवर वाद झाला. त्याच १९२१ साली वर्षाच्या आत दगावणाऱ्या मुलांचं प्रमाण खोल्यांनुसार नोंदलं गेलं. एका खोलीत किंवा त्याहून कमी जागेत राहणाऱ्यांत हजारी ८२८, दोन खोल्यांत ३२२, तीन खोल्यांत १९१, चार किंवा जास्त खोल्यांत १३३. आमच्यातले एक निवृत्त आरोग्य निरीक्षक म्हणाले, हजारी ८२८ हे होऊच शकत नाही, असं असतं तर गिरणगाव एका पिढीत संपलं असतं. बरोबर आहे. बायका बाळंतपणाला कोकणात, घाटावर माहेरी जायच्या. जन्माची नोंद गावी. मूल घेऊन परत आल्या आणि ते दगावलं तर मरणाची नोंद मुंबईत. शिवाय जन्म नोंदवण्यात आळस. भागाकारातला खालचा आकडा लहान राहतो आणि वरचा फुगतो.

मग पाटी काढायची का? मी नको म्हणालो. पहिला आकडा फुगलेला असला तरी एक खोली ते चार खोल्या ही उतरण खोटी नाही. चारही आकडे ठेवले आणि खाली दोन ओळींत वरचं कारण लिहिलं. पाटी गिचमिड झाली. असू दे.

तिसरी पाटी एका पोराच्या प्रश्नावरून. "लोकल होती ना? मग हे लोक कुर्ल्याला, ठाण्याला राहायला का नाही गेले? आपण रोज दीड तास जातोच की." प्रश्न रास्त आहे. व्हीटी ते कुर्ला विजेची गाडी ३ फेब्रुवारी १९२५ला सुरू झाली. मुंबई उपनगर जिल्हा १९२०मध्येच वेगळा झाला होता. पण गिरणीतली नोकरी महिन्याच्या पगाराची, खुर्चीची नोकरी नव्हती. बदली कामगाराला रोज पहाटे गिरणीच्या दारात उभं राहावं लागे. त्या दिवशी कोण गैरहजर, कोणाला आत घ्यायचं, ते जॉबर, म्हणजे गिरणीतला मुकादम, ठरवणार. दारात नसाल तर त्या दिवसाची रोजी गेली. उधारी देणारा वाणी गिरणीजवळ, खानावळवाली गिरणीजवळ, गावकीची माणसं गिरणीजवळ. पासाचे पैसे वेगळेच. उपनगरात हवा होती, रोजी नव्हती. उपनगरांकडे आधी गेली ती कारकून, मास्तर मंडळी, ज्यांची हजेरी दहा वाजता लागायची.

आणि एका खोलीत सहा बिऱ्हाडं येतात कशी? मूळ भाडेकरूला एकट्याला भाडं झेपत नाही, तो पोटभाडेकरू घेतो. १९१८पासून भाडेनियंत्रणाचा कायदा होता, पण पोटभाडेकरू त्या मूळ भाडेकरूला किती देतो हे बघायला कोण येतंय?

१० ऑगस्ट

तीन बाय चारचा कोपरा. अखेर यावर बोलणं झालं. पुरुष मंडळी गप्प, किंवा "देवासमोर बरं दिसेल का" वगैरे. महिला मंडळाच्या काकूंनी निकाल लावला. "देवाच्या आईने पण कुठेतरी टेकूनच..." एवढंच म्हणाल्या आणि हशा पिकला. कोपरा राहणार.

काय ठेवायचं? बाहुली, पाळणा वगैरे सूचना आल्या, सगळ्या नाकारल्या. नुसतं बांबूवर टाकलेलं गोणपाट, आत एक घमेलं, एक घोंगडी, आणि जमिनीवर मापाची चौकट. त्यात मी स्वतः बसून बघितलं. पाय पसरता येत नाहीत. चार फुटांत आडवं होताच येत नाही. हे नोंदीत कितीदा वाचलं होतं, पण लक्षात आलं नव्हतं.

सुतारदादांनी गोणपाटाची दांडी सरळ मारली होती. काकूंनी ती वाकडी करायला लावली, म्हणाल्या, "घाईत टांगलेलं असतं ते."

१४ ऑगस्ट

आज वरळीच्या बीडीडी (बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट, म्हणजे सरकारी विकास खातं) चाळीतल्या पहिल्या ५५६ कुटुंबांना पुनर्विकासातल्या नव्या घरांच्या चाव्या मिळाल्याची बातमी. पाचशे चौरस फुटांची घरं. व्हॉट्सॲपवर सगळ्यांनी ती टाकली आणि मागोमाग मागणी आली, बीडीडी पण दाखवा.

दुसरी खोली बांधायला ना पैसे ना जागा. मग आमच्याच खोलीत निळ्या चिकटपट्टीने १६० चौरस फुटांची रेघ मारली, बीडीडीच्या खोलीएवढी. म्हणजे सरकारने 'सुधारलेली' म्हणून दिलेली खोली डॉ. बार्न्सनी पाहिलेल्या खोलीपेक्षाही वीस चौरस फूट लहान. फरक हा की ती एका कुटुंबासाठी होती.

चौथी पाटी त्यावरच. गव्हर्नर जॉर्ज लॉइडच्या काळात १९२०मध्ये विकास खातं निघालं. मुंबईत येणाऱ्या कापसाच्या दर गासडीवर एक रुपया कर बसवून पैसा उभा करायचा आणि ५०,००० खोल्या बांधायच्या, असा बेत. वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी इथे मिळून २०७ इमारती झाल्या, प्रत्येकीत ८० खोल्या. हिशेब केला तर साडेसोळा हजारांच्या आसपास, म्हणजे बेताच्या एक तृतीयांश. गंमत अशी की शहरात खोलीत तीस-तीस माणसं असताना विशीच्या दशकात यांतल्या पुष्कळ खोल्या रिकाम्या पडून होत्या, वरळीच्या तर जास्तच. गिरण्या लांब, बाजार नाही, आणि भाडं मजुराच्या खिशाबाहेरचं.

एका सभासदाने पाटीवर "या चाळी मुळात तुरुंग म्हणून बांधल्या" हे घालायचा आग्रह धरला. सगळीकडे असंच सांगितलं जातं. पण ते उलटं आहे. बांधल्या कामगारांसाठीच. कायदेभंगाच्या चळवळीत तुरुंग भरले तेव्हा वरळीच्या चाळींत तात्पुरता तुरुंग केला. रिकाम्या होत्या म्हणून ते जमलं.

बीडीडीत मधोमध बोळ आणि दोन्ही बाजूंना खोल्या. आमच्या गॅलरीतले नऊ आकार तिथे कुठे निजले असते, या प्रश्नावर आम्ही बराच वेळ काढला. बोळात, दुसरं काय.

१९ ऑगस्ट

कालपासून कोसळतोय. लोकल बंद. मंडपाच्या मागच्या बाजूने पाणी शिरलं आणि एका भिंतीचा चुना, माती, सगळं खाली. गोणपाट पोटफुगीसारखं लोंबतंय. चुली आधीच लाकडी फळीवर चढवल्या होत्या म्हणून वाचल्या. जमिनीवरचे सगळे आकार पुसले गेले.

कोणाला कामावर जाता येत नव्हतं, त्यामुळे माणसं भरपूर मिळाली. भिंत पुन्हा केली, पण मातीचा हात वगळून, गोणपाटावर थेट चुना आणि फेव्हिकॉल. जवळून बघितलं तर कळतं. दुरुस्तीला ५,५०० गेले.

आकार परत काढताना चुन्याऐवजी पांढरा ऑइलपेंट वापरला. सुरुवातीलाच वापरायला हवा होता.

२४ ऑगस्ट

तपासणीला आलेल्या अधिकाऱ्यांनी उघडी ज्योत नको, आत-बाहेर जायला वेगळे रस्ते आणि एका वेळी बारांहून जास्त माणसं आत नकोत, असं सांगितलं. शेवटच्या अटीवर आमच्या अध्यक्षांनी विचारलं, "साहेब, पण इथं तीस राहायचे." साहेब हसले, पण अट कायम. बाहेर जायच्या वाटेसाठी मागची भिंत चार फूट कापली. कंदिलांत तीन वॅटचे पिवळे दिवे बसवले.

त्यावरून सुचलं म्हणून आत शिरण्याच्या जागी एक छोटी पाटी वाढवली. इंग्लंडात १९३५ साली घरांतल्या गर्दीवर कायदा झाला. एका खोलीत दोन माणसं, दहा वर्षांखालचं मूल अर्धं धरायचं, वर्षाच्या आतलं धरायचंच नाही. खोली कितीही ऐसपैस असली तरी दोनच. राज्य तेच, राजा तोच, कायदा मात्र तिकडच्या खोल्यांपुरता. पाटीवर फक्त एवढंच लिहिलं : विलायतेत कायद्याने २. इथे ३०. आज तपासणीने १२.

२७ ऑगस्ट

मूर्ती बसली. पहिल्याच संध्याकाळी कळलं की लोक पाट्या वाचत नाहीत, आकार मोजतात. पोरं स्वतः आकारात झोपून फोटो काढतात. त्यामुळे रांग अडली. स्वयंसेवक वाढवले.

फुटपाथच्या तीन आकारांवर कोणी पाय ठेवत नाही. मुद्दाम वाटेत काढले होते, तरी लोक वळसा घालून जातात आणि शेजारच्या फुलवाल्याच्या टोपल्यांत पाय पडतो. त्याने तक्रार केली. त्याच्या टोपल्या दोन फूट सरकवल्या.

३१ ऑगस्ट

लालबागला जन्मलेले एक अण्णा आले, ऐंशीच्या पुढचे. आत शिरून बराच वेळ छताकडे बघत राहिले. मला वाटलं, गहिवरले. म्हणाले, "दांडी कुठाय? कपडे कशावर?" तीस माणसांचे ओले कपडे आम्ही विसरलोच होतो. त्यांनी तिथेच सुतळी मागवली आणि डोक्याच्या उंचीवर आडव्या-उभ्या वलण्या बांधायला लावल्या. लुगडी, धोतरं, लंगोट टांगले. खोली अर्धी झाली. बारा माणसंसुद्धा वाकून चालायला लागली. आधी जी खोली नुसती भरलेली दिसत होती तिच्यात आता श्वास कोंडतो.

ढेकूण कसे दाखवणार, हेही त्यांनी विचारलं. नाही दाखवत, म्हणालो.

चाळीतल्या एकोप्याचं काय, तेही दाखवा, असा अभिप्राय वहीत पुष्कळांनी लिहिलाय. एकोपा होता यात शंका नाही. पण तो कसा दाखवायचा याची कोणाकडे सूचना नाही, आणि गर्दीमुळेच एकोपा होता असं म्हणायला मी तयार नाही. एका आजींनी त्याच पानावर खाली लिहिलंय : "आमच्या सासूबाई सांगायच्या, भांडणं मुख्य पाण्यावरून."

८ सप्टेंबर

विसर्जन झालं, मांडव उतरला. हिशेब असा : बांबू-सुतळी भाडं ९,०००, सुतार मजुरी १४,०००, नवा प्लाय ७,५००, गोणपाटं ३,०००, माती-चुना-डिंक-काजळी १,८००, चुली १,४००, भांडी आणि ट्रंका ६,५००, दिवे ५,०००, पाट्या ३,६००, फ्लेक्स ४,२००, पुतळे ३,०००, पावसानंतरची दुरुस्ती ५,५००. एकूण ६४,५००. बजेटपेक्षा साडेचार हजार जास्त. फ्लेक्स आणि पुतळे टाळले असते तर आत बसलं असतं.

गोडाऊनमधला मागच्या वर्षीचा प्लाय निम्मा वाळवीने खाल्ला होता, नव्या प्लायचा खर्च त्यामुळे. मोजल्याशिवाय जुन्या मालावर बजेट मांडू नये.

डब्यातल्या दोन चुली एका शाळेने नेल्या. बाकीच्या चार उचलताना फुटल्या, माती बागेत टाकली. ट्रंका आहेत. पाट्या आहेत, ज्यांना हव्या असतील त्यांनी स्वतः येऊन न्याव्यात, पोचवायला टेम्पोचे पैसे नाहीत. जमिनीवरचा ऑइलपेंट पेव्हर ब्लॉकवरून निघत नाहीये. थिनरने घासून बघितलं, पांढरट राहतोय. सोसायटीच्या सेक्रेटरींनी दिवाळीपर्यंतची मुदत दिलीय.